म्मा-ओदिरिलेचा परस

आमच्या आळीत कुठल्याही घरी जा आणि पुढच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बसा. पाय जमिनीला नीट टेकले, पाठीला वारा लागला नाही आणि मागच्या परसातला धूर नाकात गेला नाही, तर ती भिंत म्मा-ओदिरिलेनं घातलेली आहे असं समजा. पाय लोंबकळत राहिले तर ती दुसऱ्या कुणीतरी घातली असेल. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण ती माझी नणंद आहे.

आमच्याकडे घर बांधताना लाकूडफाटा पुरुषाचा आणि माती बाईची. घराभोवती काय कुठे असावं हे बाई ठरवते. पाहुण्यांना बसायला पुढचं अंगण, पोरांना लोळायला आणि ज्वारी कांडायला बाजूची जागा, मागे चुलीचा परस, त्याच्या एका कोपऱ्यात बोरूच्या कुडाआड न्हाणी. हे सगळं वारुळाच्या मातीत शेण कालवून घातलेल्या भिंतींनी वेगळं करायचं. हे काम तशी प्रत्येक बाई करते. पण नीट कुणाला जमत नसे, म्हणून म्मा-ओदिरिलेला बोलावत. सुगी संपून बायका शेतावरून गावात परतल्या की तिच्यामागे रीघ लागे.

तिची रीत मोठी तऱ्हेवाईक. पहिला अख्खा दिवस ती त्या मोकळ्या जागेत नुसती बसून राही. सकाळचं ऊन कुठे पडतं, दुपारी सावली कुठे सरकते, धूर कुणीकडे जातो, हे बघत बसे. दुसऱ्या दिवशी घरच्या बाईला पुढ्यात घेई. बस म्हणे, ऊठ म्हणे, रिकाम्या हंड्यात रवी फिरव म्हणे, झाडून दाखव म्हणे. नवऱ्याचे मित्र किती वेळ बसतात, भांडण कुणाशी होतं, रडायची वेळ आली तर कुठे जातेस, हेही विचारी. मग टाचेनं जमिनीवर रेघा ओढी. त्या रेघा एकदा ओढल्या की बदलायच्या नाहीत.

माझं लग्न झालं तेव्हा मी आणि सासूबाई एका चुलीवर दोन महिने टिकलो, तेच खूप झालं. शेवटी सासऱ्यांनी म्मा-ओदिरिलेला बोलावलं. तिनं आमचं भांडण अर्धी सकाळ शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा तपकीर ओढली, आणि परसात दोन चुली घालून मध्ये एक भिंत उभी केली. बसलं की आवाज पलीकडे जावा पण डोळे दिसू नयेत, एवढीच उंच.

"तुमचं वाकडं येतं ते एकमेकींच्या तोंडाकडे बघून," ती म्हणाली. "आता बोला काय बोलायचं ते."

त्या भिंतीवरून आम्ही दोघी एकोणीस वर्षं बोललो. सासूबाई गेल्या तेव्हा ती भिंत पाडायचा माझा धीर झाला नाही. ती भिंत घातली गेली तेव्हापासून मी म्मा-ओदिरिलेचा चिखल तुडवायला जायची, आणि ती मला अख्ख्या आळीसारखं सूनबाईच म्हणायची.

आणि एवढं सगळं करून तिला स्वतःचं अंगण नव्हतं. नवरा वारला तसं दिरानं घर घेतलं. ओदिरिले हा एकुलता एक मुलगा, ज्याच्या नावानं तिला म्मा, म्हणजे ओदिरिलेची आई म्हणत, तो जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. मग ती भावाकडे आली, भाऊही गेला, आणि भाचेसुनेच्या आवारात गोठ्याकडच्या एका झोपडीत राहू लागली. त्या काळी एकट्या बाईला जागा मिळत नसे. जागा पुरुषाच्या नावानं मिळायची आणि बाई त्यावर अंगण घालायची. भाचेसून तशी वाईट नव्हती, पण जीभ तिखट होती. आत्याबाईंनी चूल कुठे मांडायची, हे ती सांगायची. जिला अख्खं गाव विचारून चूल मांडतं, तिला.

एकदा काम करताना मी तिला विचारलं, तुम्हाला काय हवंय हो म्मा. ती हातातला चिखलाचा गोळा थापत राहिली. मग म्हणाली, "परस हवाय. अंगण नसलं तरी चालेल, मला कोण येतंय भेटायला. पण मागचा परस हवा, आणि मेल्यावर तिथून उचलून न्यावं." एवढंच बोलली आणि मला पाणी आण म्हणाली.

रा-सेथुन्या हा आमच्या आळीतला विधुर. खाणीतून गुडघा मोडून परत आला होता आणि बाराही महिने गुरांच्या तळावर पडलेला असे. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, आणि मातीच्या भिंतींना दरसाल बाईचा हात लागतो. त्याच्या अंगणाचं पावसानं नामोनिशाण ठेवलं नव्हतं. आत शेरडं रवंथ करत बसायची. लेक सेथुन्या मामाकडे वाढली. तिला मागणी आली आणि निरोप आला की हिवाळ्यात मुलाकडच्या बायका रीतसर मागायला येणार. मामा म्हणाला, माझ्या अंगणात करू. पोरगी हटून बसली की मी जाईन तर बापाच्या घरून जाईन.

म्हणून रा-सेथुन्या टोपी हातात घेऊन म्मा-ओदिरिलेकडे आला. चावडीत त्याच्यावर हसून झालं होतंच. पुरुषानं अंगण घालून घ्यायचं म्हणजे पुरुषानं बाळंतपण करून घेण्यासारखं, असं माझा नवराच म्हणाला होता.

तिनं त्याला उभ्या उभ्या विचारलं, "चुलीशी बसणार कोण?"

"सेथुन्या तर जाणार. नंतरचं मला माहीत नाही, म्मा."

"बाई पुढ्यात असल्याशिवाय मी परस घालत नाही."

तो म्हणाला, मग जी जवळ असेल तिच्यावरून घाला. मी शेजारीच उभी, म्हणून मला पुढे केलं. पण मला तेव्हा सातवा महिना होता, आणि ती म्हणाली, या पोटावरून चूल मांडली तर ती उंबऱ्याबाहेर येईल. शेवटी तिनं काम घेतलं ते पोरीकडे बघून.

पुढचं अंगण आठ दिवसांत झालं. रा-सेथुन्यानं गाढवाच्या गाडीतून पिंपभर पाणी आणावं, घसरगाडीवर वारुळाची माती आणावी आणि फाटकाशी टाकून जावं, आत बघायचं नाही, असा तिचा हुकूम होता. तो खरंच बघत नसे. पाठ करून उभा राही आणि आणखी किती लागेल ते विचारी. मागच्या परसाला मात्र पंधरा दिवस लागले. एरवी झपाझप काम करणारी ही बाई तिथे रोज काहीतरी मोडायची आणि पुन्हा घालायची. चुलीशी बसे, उठे, पुन्हा बसे. वाऱ्याला अडवणारी भिंत एकदा चार बोटं सरकवली. न्हाणीच्या तोंडाशी बसायला एक कट्टा केला, तो सकाळचं ऊन नेमकं मांडीवर घेणारा. भिंतीवर बोटांनी नक्षी काढली, ती पुढच्या अंगणापेक्षा मागे जास्त. पाहुण्यांना दिसते ती बाजू साधी आणि कुणी बघणार नाही ती सजलेली, असं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी चूल वाळवायला मी तिच्यावर ज्वारीच्या पिठाचं बोगोबे शिजवायला बसले. पिठाची गुठळी मोडायला रवी फिरवली तर कोपर खाडकन भिंतीवर आपटलं. पुन्हा फिरवली, पुन्हा आपटलं. वाडगी ठेवायचा कट्टाही उलट्या बाजूला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्मा-ओदिरिले डावखुरी होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती हात धूत होती, तिला काही कळलेलं दिसत नव्हतं. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते ओळखा.

पण आळी थोडीच गप्प बसणार. मागणीच्या दिवशी शाली पांघरलेल्या पाहुण्या बायका पुढच्या अंगणात पाय पसरून रांगेनं बसल्या. पुरुष खुर्च्यांवर. सगळं बेस चाललं होतं. मागे आम्ही सहा जणी हंड्यांशी झटत होतो, आणि जी चुलीशी बसे तिचं कोपर भिंतीला लागे. चौथीचं लागलं तशी भाचेसून मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, हा परस डावऱ्या बाईसाठी घातलाय. आणि आळीत डावरी आहेच कोण? आमच्या आत्याबाईंनी स्वतःचं बस्तान आधीच मांडून ठेवलंय की."

हशा पिकला. भिंती बुटक्याच, तो हशा पुढे गेला, पाहुण्यांपर्यंत गेला. कुणीतरी तिथेही तोंडावर शाल धरून हसलं. म्मा-ओदिरिले मोगोदूच्या, म्हणजे वजडीच्या, हंड्याशी उभी होती. तिनं चुलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला भाचेसुनेच्या तोंडात शेण घालावंसं वाटलं. पळी हंड्यावर आडवी ठेवून ती मागच्या वाटेनं निघून गेली.

मी संध्याकाळी तिच्या झोपडीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मुद्दाम नाही गं केलं," ती म्हणाली. "दर वेळी बाई पुढ्यात असते. या वेळी कुणी नव्हतं, म्हणून मीच बसून बघत राहिले. हातांनी केलं ते." मग म्हणाली, "या वयात मी नवरा गटवायला निघाले असं म्हणतील. उद्या पाडून नीट करून देते."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी ती खांद्यावर कुदळ टाकून निघाली. मी आठव्या महिन्याचं पोट घेऊन तिच्यामागे धावले. परसाच्या तोंडाशी रा-सेथुन्या उभा होता. त्यानं दोन्ही हात भिंतींवर टेकले आणि वाट अडवली.

"सरका, रा. चुकीचं झालंय ते."

"पोरीची मागणी काल माझ्या अंगणात झाली," तो म्हणाला. "इथं काही चुकीचं नाही."

"लोक हसताहेत."

"माझ्यावर तर महिनाभर हसताहेत. मला काय झालं?" मग तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "मला बायको नको, म्मा. म्हणजे नकोच असंही नाही. पण मी तुम्हाला तेवढ्यासाठी अडवत नाही. भिंत घातलीत, तर आता ती दरसाल सारवणार कोण? पुढचं अंगण माझं राहू दे. हा परस तुमचा."

ती म्हणाली, बाईला जागा मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तो म्हणाला, ते मी बघतो, तुम्ही कुदळ खाली ठेवा. तिनं ठेवली नाही. कुदळीसकट भाचेसुनेकडे परत गेली, आणि पाच दिवस कुणाच्या कामाला गेली नाही. आपलं हसं दुप्पट होणार, ही तिची खात्री झाली होती. मलाही तेच वाटत होतं.

सहाव्या दिवशी चावडी भरली. चावडीत बायकांचं काम नव्हतं, म्हणून आम्ही चौघीजणी कुडाबाहेर लाकडाच्या मोळ्या खाली टाकून उगाच दम खात उभ्या राहिलो. आळीचे प्रमुख, ज्यांना आम्ही खोसी म्हणतो, ते फार म्हातारे आणि फार हट्टी होते. रा-सेथुन्यानं आपलं म्हणणं मांडलं की माझ्या आवारातला मागचा परस म्मा-ओदिरिलेचा आहे, हे चावडीनं ऐकून ठेवावं. मी मेलो तरी कुणी तिला तिथून उठवू नये.

खोसी म्हणाले, "ती तुझी कोण? बायको?"

"नाही, खोसी."

"बहीण? कामाची बाई?"

"नाही."

"मग कोण म्हणून देऊ मी तिला? काहीतरी नाव सांग."

माझा नवरा रा-सेथुन्याच्या शेजारीच बसला होता, आणि आता हसत नव्हता.

"खोसी," रा-सेथुन्या म्हणाला, "तुम्ही ज्या अंगणात रोज बसता ते कुणी घातलं? तुमच्या दोन्ही सुनांचं? इथं बसलेल्या प्रत्येकाचं? आपण सगळे हिच्या भिंतींवर पाठ टेकून बसतो आणि ही गोठ्याशी राहते. मला नाव सुचत नाही. ज्यानं घातलं त्याचं, एवढंच मला कळतं."

मी कुडाला तोंड लावून रडत होते, आणि शेजारी भाचेसून होती, तीही डोळे पुसत होती. तिचं तिखट तोंड मी त्या दिवशी माफ केलं. खोसींनी काठी आपटली आणि म्हणाले, ऐकलं चावडीनं.

पुढे त्या दोघांचं काय झालं, असं मला अजून पोरी विचारतात. लग्न झालं नाही. तो तळावरून आला की परसाच्या तोंडाशी उभा राही, ती ये म्हणाली की आत येई आणि तिच्या हंड्यातलं जेवे. याहून जास्त मला ठाऊक नाही, आणि असलं तरी मी सांगणार नाही.

चावडीनं ऐकल्यावर ती त्या परसात राहायला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी थोडा मोरोगोचा पाला भाजीला खुडून घेऊन गेले. ती चुलीशी बसून डाव्या हातानं रवी फिरवत होती, आणि कोपर कुठेही लागत नव्हतं. मी बोलणार इतक्यात भिंतीपलीकडून वरच्या आळीतली एक बाई हाका मारू लागली. तिची भिंत ढासळली होती, पाहुणे यायचे होते, म्मा-ओदिरिले आत्ताच्या आत्ता आली तर बरं होईल म्हणत होती. इतक्या वर्षांत अशा हाकेला तिनं कधी थांब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिनं हंड्यावरून डोकं वर केलं नाही. "उद्या येते," ती म्हणाली. "आज मी घरी आहे."