स्पोकचे आटे

चिलीमचाचा चालताना समोर बघायचे नाहीत. मान खाली, हात पाठीशी आणि नजर जमिनीवर. समोरून ओळखीचं माणूस आलं तरी आधी त्याच्या चपला बघायचे आणि मग तोंड. रेवदंड्याच्या पोस्टात बदली होऊन मी चौलला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो, तेव्हा पहिल्या सकाळी मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. मी विचारलंही. ते म्हणाले, "हरवलंय, पण माझं न्हाय. तीनशे वर्सांपूर्वीच्या कोणाचं तरी."

त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती. पावसाळा संपला की आळी खणताना मातीतून पांढरे तुकडे वर यायचे. खडूसारखे, बोटाएवढे, मधून आरपार भोक असलेले. गावात सगळे ते फेकून देत. चाचांनी मात्र ते लगेच ओळखले होते. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजांवर खलाशी म्हणून काढली होती. परदेशातल्या एका बंदरात ओहोटीच्या चिखलात असेच तुकडे त्यांनी पाहिले होते आणि तिथल्या एका गोदी कामगाराने त्यांना खुणेने सांगितलं होतं, की ही जुन्या काळच्या मातीच्या पाइपांची नळी. आपल्याकडची चिलीम उभी, ही आडवी. लांब नळी आणि टोकाला सुपारीएवढी वाटी. चाचा दोन्हींना चिलीमच म्हणत. चौलच्या बंदरात उतरलेल्या खलाशांनी ती ओढावी, मोडली की फेकावी, आणि ती यांच्या वाडीत सापडावी, याचं त्यांना फार अप्रूप होतं. "राजांच्या वस्तू जपायला लय लोक हायत, मास्तर. ही आमच्यासारख्यांची चीज. जहाजावरनं उतरला, थकला, दोन झुरके मारले. त्याला कोण जपणार?"

पोस्टात काम करणारा म्हणून ते मला मास्तर म्हणत. आणि चिलमी जपायच्या म्हणजे त्यांनी नुसत्या जपल्या नाहीत. अख्खी चिलीम कधी सापडली नाही, तेव्हा ती कशी असेल हे कळावं म्हणून ते स्वतःच करायला शिकले, तेही साठीनंतर. कुंभारवाड्यातली जनाबाई त्यांची गुरू. जनाबाई त्यांच्याहून लहान, पण चाचा तिला 'उस्ताद' म्हणायचे आणि तिच्या अंगणात जाताना चपला बाहेर काढायचे. जनाबाई लाजून म्हणायची, "चाचा, मी मडकी करतंय, मला कशाला उस्ताद?" ते म्हणायचे, "माती तुझं ऐकते. माझं न्हाय ऐकत. मग उस्ताद कोण?"

पेणहून गणपतीची शाडू माती आणायची, त्यात जनाबाईच्या मातीची थोडी भर घालायची, मळून मळून लोण्यासारखी करायची. मग पाटावर गाजरासारखी लांब वळी करून तेल लावलेली तार तिच्या पोटातून सरळ पुढे न्यायची. इथेच सगळं बिनसायचं. तार केसभर तिरकी गेली की बाजूने बाहेर. चाचा "या अल्ला" म्हणून ती वळी मोडून पुन्हा मळायला घेत. एका सकाळी मी मोजल्या, तेव्हा अकरा मोडल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. उलट म्हणाले, "बघा, तो कारागीर दिवसात शेकड्याने करीत असंल. किती हात चालत असंल त्याचा!" स्वतःच्या चुकीतून दुसऱ्याचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

भट्टीतून निघालेली चिलीम साईच्या रंगाची असे. चाचा ती आधी रिकामी ओढून बघत, डोळे मिटून. मग दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, ओट्यावर बसून तिच्यात चिमूटभर तंबाखू. दिवसाला एकच. चाची आतून ओरडायची, "धूर दाराच्या भाईर!" आणि चाचा मुकाट्याने ओट्याची शेवटची पायरी गाठायचे. पुढे चाचीला दम्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, धुराबद्दल काहीच म्हणाले नाहीत. चाचांनी त्या दिवसापासून तंबाखू सोडला. कोणाला सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. फक्त असरनंतर ओट्यावर रिकामी चिलीम तोंडात धरून बसू लागले. चाचीला हे कळायला आठ दिवस लागले. ती मला म्हणाली, "माणूस चांगला हाय, पन सांगत कायच न्हाय."

माझ्या मनात चाचांची जी जागा आहे, ती मात्र एका वेगळ्याच गोष्टीमुळे. मुंबईला एका लग्नाला गेलो असताना हाताशी वेळ होता, म्हणून मी एका संग्रहालयात शिरलो. तिथे एका काचेच्या कपाटात मातीची अख्खी चिलीम दिसली. धुराने तपकिरी झालेली, सुंदर. खाली पाटी: 'चौल, सतरावे शतक.' मला इतका आनंद झाला, की मी मोबाइलवर चार फोटो काढले आणि परतल्यावर तडक चाचांपुढे धरले. "चाचा, बघा, अख्खी! तुमच्या गावची!"

चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाले, "मास्तर, ही माझी हाय."

चौलला बंगला बांधून राहिलेले मुंबईचे एक हौशी गृहस्थ होते. चाचांनी स्वतः दोन-तीन वर्षं ओढलेली एक चिलीम त्यांना भेट दिली होती. ते गृहस्थ वारले आणि त्यांच्या घरच्यांनी सगळा संग्रह संग्रहालयाला देऊन टाकला. कोणी फसवलं नव्हतं, कोणी खोटं बोललं नव्हतं. सांगणारं माणूसच राहिलं नव्हतं.

मी हसलो. म्हणालो, "अहो, मग हा तर मानच झाला! एवढ्या जाणकारांना ओळखता आली नाही. राहू द्या की तिथे. कोणाचं काय बिघडतंय?"

"बिघडतंय ना," चाचा म्हणाले. "ज्याची जागा ती अडवून बसलीय, त्याचं बिघडतंय. तो बिचारा मेला, त्याची चिलीम मोडली, आता त्याची खुर्ची पन मी घेऊ?"

पुढच्या आठवड्यात आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, टोपी नवी होती, खांद्याला कापडी पिशवी. संग्रहालयातल्या तरुण अधिकारी बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, "बाबा, तज्ज्ञांनी तपासलेली आहे ती. सारख्या दिसतात, गैरसमज होऊ शकतो."

"व्हय, होतो," चाचा म्हणाले. "म्हनून सांगतो, बॅटरी घ्या आन् नळीच्या शेवटाला आत बघा. माझी तार म्हंजे सायकलचा स्पोक. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते मातीत उमटतात. माझ्या कितीतरी चिलमींत ही खोड हाय, मला जमलीच न्हाय काढायला."

बाईंनी कपाट उघडवलं. हातमोजे घालून चिलीम उचलली, मोबाइलचा प्रकाश नळीत धरला. चाचांनी पिशवीतून स्पोक काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून त्याचं टोक न्याहाळलं, पुन्हा नळीत बघितलं आणि खुर्चीत बसल्या. मग एकदम उठून चाचांसाठी खुर्ची ओढली आणि चहा सांगितला.

मला वाटलं, संपलं. पण चाचांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत पांढरा तुकडा होता, अंगठ्याएवढा. मी तो लगेच ओळखला. त्यांच्या सगळ्या तुकड्यांतला हा त्यांचा जीव की प्राण. नळीवर कारागिराच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता, रेषा न रेषा. त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बसलेले मी त्यांना कितीदा पाहिलं होतं.

"जागा रिकामी ठेवू नका," ते म्हणाले. "ही ठेवा. ही खरी हाय. माझ्या विहिरीजवळ सापडली."

परतीच्या लाँचवर चाचा कडेला बसले. पाण्याकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता. मांडवा दिसायला लागल्यावर मी न राहवून विचारलं, "वाईट वाटतंय?"

"लय वाटतंय," ते म्हणाले आणि हसले. "पन आता तो परत कामावर रुजू झाला, असं समजायचं."

वर्षभराने माझी पालीला बदली झाली. निघताना त्यांनी मला चिलीम दिली नाही. तुम्ही ओढत नाही, उगाच कपाटात मरेल, म्हणाले. फोनवर बोलणं व्हायचं. या वर्षी एका सकाळी चाचीचा फोन आला. पहाटे, फजरच्या नमाजानंतर, चाचा पडल्या पडल्या गेले. मी पोचलो तोवर दफन होऊन गेलं होतं. ओट्यावर माणसं होती, जनाबाई पायरीवर बसून रडत होती.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचीने मला पुन्हा बोलावलं. पलंगाखालची लाकडी पेटी पुढे केली. आत कापसाच्या गादीवर सगळे तुकडे आणि चिलमी, प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. चाची उर्दू शाळेत शिकलेली. म्हणाली, "मना मराठी वाचाय येत न्हाय. तूच वाच."

मी वाचत गेलो. 'जुनी. पश्चिमेच्या कुंपणाशी.' 'माझी. वाटी तिरकी.' 'उस्तादने केलेली. माझ्याहून चांगली.' 'माझी. ओढायला बरी, दिसायला न्हाय.' तिसेक चिठ्ठ्या झाल्या. शेवटी चिलमीची एक तांबूस वाटी, कड उडालेली. तिच्याखालची चिठ्ठी जरा मोठी होती. 'लय विचार केला. कोणाची, कोणत्या काळची, मना कळली न्हाय. अंदाजाने लिहू नये.'

चाचीने विचारलं, "काय म्हनतात?"

मी सांगितलं. ती ओढणी तोंडाशी धरून हसायला लागली. हसता हसताच तिचे डोळे भरले. म्हणाली, "पन्नास वर्सांच्या संसारात, 'मना कळलं न्हाय' असं मना कधी बोलला न्हाय हा माणूस. आन् मातीला मात्र लिवून दिलंन!"