गोळ्याला साबण कशाला लावतात, सर?

"यान आहे की होडी?" सरांनी माझी वही सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून विचारलं, आणि अख्खं सभागृह हसलं.

रत्नागिरीतल्या एका वाचनालयात नवलेखकांचं वाचन होतं. सर म्हणजे गावातले मोठे लेखक, निवृत्त प्राध्यापक. विज्ञानकथेवर बोलायचा मक्ता त्यांच्याकडेच. मी बावीस वर्षांची. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायची, दुपारी लिहायचं. माझ्या कादंबरीत एक यान परक्या ग्रहावरच्या काळ्या समुद्रात उतरतं. यंत्रं बंद पडलेली. मग यानाची तांडेल, म्हणजे कप्तान, एक बाई, दोरीला शिशाचा गोळा बांधते, त्याच्या बुडाला साबण लावते आणि पाण्याचा ठाव घ्यायला खाली सोडते.

"अगं, हे विज्ञान आहे. जेटीवरच्या गप्पा नव्हेत," सर म्हणाले. मग नाकाला रुमाल लावून त्यांनी वही हुंगली. परत हशा. पहिल्या रांगेतल्या बाया तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि मेली मी पण हसले! त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

वर त्यांनी वह्या ठेवून घेतल्या. "राहू देत. सुधारून देतो." दोन वह्या, हाताने लिहिलेल्या, दुसरी प्रत नाही. दिल्या. सर म्हणाले ना! चार महिने त्यांच्या घरी खेपा घातल्या. पायरीच्या वर कधी बोलावलं नाही. शेवटी म्हणाले, "घराला रंग काढला, त्यात गेल्या गं कुठेतरी. तशी कच्चीच होती."

घरी येऊन ढसाढसा रडले. आई म्हणाली, "रडतेस कशाला गो? डोक्यातला कोन नेतोय? परत लिव."

परत लिहायला बसले. दीड वर्षाने सरांची कादंबरी आली. काळा समुद्र. बंद पडलेली यंत्रं. कप्तान मात्र पुरुष, आडनाव सरांच्या नात्यातलं वाटावं असं. दोरी होती, गोळा होता, साबणसुद्धा होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सरांचा सत्कार ठरला. मी बाबांना घेऊन गेले. बाबा तांडेल, सगळा जन्म समुद्रावर गेलेला. भाषणं झाली, प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले.

"सर, गोळ्याला साबण कशाला लावतात?"

सर गोड हसले. "दोरी सरसर खाली जावी म्हणून. घर्षण कमी होतं, बाळ."

मागच्या रांगेत बाबा खो खो हसले. "ओ मास्तर, साबणाला तळाची रेती चिकटते, नायतर चिखल. तो बघून आमाला कळतं आपण कुठं आलो ते!"

वहीत मी हे लिहिलंच नव्हतं. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, लिहायचं कशाला? आणि बाकीचे तांडेल मेण लावायचे. साबण फक्त बाबांच्या होडीवर.

"ही कादंबरी माझी आहे. तुम्ही चोर आहात." एवढंच बोलले, तोवर कुणीतरी माइक ओढून घेतला. पण मग सरांसाठीही कुणी टाळी वाजवली नाही.

आठवड्याने सर आमच्या दारात. "पुढच्या आवृत्तीत तुझे आभार मानतो. या वयात तमाशा नको." आईने खुर्ची ओढली. मी म्हटलं, आई, राहू दे. उभ्यानेच बोलतील. उभ्यानेच गेले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आज माझ्या पाच कादंबऱ्या आहेत. जिथे बोलावतात तिथे आधी ही चोरी सांगते, चोराच्या नावासकट. भले लोक समजावतात, म्हातारा झालाय, आजारी असतो, सोड आता. का सोडू? माझी बाई पुसून तिथे स्वतःचा पुरुष बसवताना त्याला माझी दया आली नव्हती.

उद्या तो जाईल. शोकसभा होईल. मेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणून सगळे गप्प बसतील. मला कुणी बोलावणार नाही. मी जाणार, उभी राहणार, आणि बोलणार.