फौजीमामांची जाळी

फौजीमामा एकदा बोलायला लागले की भोंगा झाला तरी थांबत नसत. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते गेटवर, मी गोदामात. मे महिन्यात पत्रे तापून अंगाची लाही होतेय, आणि हा पाचोडकडचा माणूस मला लडाखचा बर्फ सांगणार!

फौजेत असताना त्यांनी तिथं हिमबिबट्या पाहिला होता. तिथला एक मेंढपाळ दोस्त त्यांना हिंदीत पत्रं लिहायचा. ती वाचून दाखवायचो मी, उत्तरंही मीच लिहायचो. दर पत्रात तेच: बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो; रानमेंढ्या गवतामागं वर गेल्या; उपाशी बिबट्या खाली उतरून मेंढवाड्यात उडी मारतो.

"आत शिरला की समदी मेंढरं मारतो, अन् लोक त्याला मारत्यात," मामा सांगायचे. "वाड्यावर जाळी पायजे. तुमी गेटपास द्या."

भंगारातल्या तारेच्या जाळीवर त्यांचा डोळा होता. साहेबांनी होकार दिला होता, सही माझी राहिली होती. मी टाळत होतो.

अशात नामांतराच्या दंगलीत संचारबंदी लागली. मोर्चात लाठी खाऊन मी घरी पडलेलो. भरदुपारी मामा दारात हजर, हातात गेटपासचं पुस्तक! मी भडकलो.

"मामा, विद्यापीठाला नाव लागावं म्हणून आमची घरं जळतायत, आणि तुम्हाला जाळी सुचते?"

ते उंबऱ्यावरच बसले. "नाव लागायलाच पायजे. मी बी येतो मोर्चाला, कवा ते सांगा. पन त्या जनावराला मोर्चा काढता येत नाय, भाऊसाहेब."

कटकट जावी म्हणून मी सही केली. पुढच्या मोर्चाला ते खरंच आले, आणि रस्ताभर शेजारच्याला बर्फ सांगत राहिले.

नोकरी संपल्यावर ते जाळीचं भेंडोळं घेऊन लडाखला निघाले. स्टेशनवर हमालाशी, मग गार्डाशी हुज्जत. वैतागून मी विचारलं, "कशासाठी एवढं?"

पहिल्यांदाच ते खालच्या आवाजात बोलले. "फौजेत असताना तिथल्या वाड्यात एक बिबट्या सापडला होता. लोक धोंडे घेऊन हुबे, पन कुनी मारंना. मी धनगराचा. पैला धोंडा माझा."

गाडी सुटली.

मामा परत आलेच नाहीत. वर्षभरानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: बिबट्या जाळीवर फिरून निघून गेला, मेंढरं सलामत. खाली आणखी दोन वाड्यांची मापं, खुशाली विचारलेली नाही!

चरफडत मी ते कार्ड साहेबांच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, "भंगारात नसेल तर नवी द्या."