गोदीचा बँजो

रोज पहाटे राहीबाई चरवी घेऊन गोठ्यात शिरायची आणि आधी म्हशीला शिव्या घालायची. धार नंतर. "सटवे, सरक की जरा! नवरी हायस का नखरे करायला?" हे ऐकलं की गोदी रवंथ थांबवायची, कान मागे टाकायची आणि पान्हा सोडायची. गोड बोलून कुणी बसलं, तर दूध चोरायची. आंबेनळीच्या रस्त्यालगतच्या त्या वाडीत लोक राहीबाईच्या शिव्यांवर चुली पेटवत.

२००८ साली तिचा मोतीबिंदू पिकला. हे कळलं, ते गोदीच्या वाटणीच्या शिव्या तिने खांबाला घातल्या तेव्हा. मुंबईतल्या मुलाने, हर्षदने, ऑपरेशनची तारीख घेतली. राहीबाई म्हणाली, "डोळं ऱ्हाऊ देत. म्हस आटली तर बघायचंय काय मला?"

नवरा भागोजी मवाळ माणूस. त्याने एकदा शिवी घालून पाहिली. गोदीने मान वळवून असं काही पाहिलं, की त्यानेच तिची माफी मागितली.

पण घरात हर्षदच्या लग्नाची सीडी होती. तीत हळदीच्या सकाळी बँजोवाले अंगणात वाजवताना दिसायचे, आणि चित्रात नसलेल्या गोठ्यातून राहीबाई गोदीला झापताना ऐकू यायची. भागोजीने सीडी पंच्यात गुंडाळली आणि एसटीने महाड गाठलं. तिथे मोबाईलच्या दुकानातला उबेद व्हिडिओतला आवाज वेगळा काढायचा आणि एमपीथ्री करून मोबाईलच्या कार्डात भरून द्यायचा.

"हळदीचा आवाज काढून द्या," भागोजी म्हणाला. "चित्र नको." कशाला हवा, ते सांगायची त्याला लाज वाटली.

या भरवशावर राहीबाई मुंबईला गेली. दुसऱ्या पहाटे भागोजीने गोठ्यात मोबाईल लावला. बँजो वाजला, छान वाजला, आणि संपला. राहीबाई त्यात नव्हतीच. गोदी वैरण चघळत राहिली. संध्याकाळीही तेच.

रात्री फोन आला. "सोडला का पान्हा?"

भागोजीला खोटं बोलता येत नसे.

"मंग मी उद्या येते. डोळं नकोत मला." मागून हर्षद ओरडत होता, "आये, बॅग ठेव खाली!"

सकाळी भागोजी उबेदच्या दुकानात.

"काका, आवाज बरा आला ना? मध्ये कुणी बाई बोंबलत होती, ती मी साफ केली."

"ती मंडळी हाय माझी."

उबेद ओशाळला. "माफ करा काका. शुभकार्यात शिव्या बऱ्या वाटेनात म्हणून..."

"म्हशीला लागतात," भागोजी म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं.

उबेद हसला नाही. त्याच्या आजीची शेळीही अशीच होती म्हणे. त्याने सीडी पुन्हा लावली, यावेळी काहीएक न कापता आवाज काढला आणि खात्रीसाठी दुकानात वाजवून पाहिला. "सरक की जरा!" दोन गिऱ्हाइकं बाजूला झाली. भागोजी स्टुलावरून उठून उभा राहिला.

तो घरी पोचला तेव्हा धारेची वेळ झाली होती. त्याने मोबाईल खुंटीला टांगला. आधी बँजो, मग राहीबाई. गोदीने कान मागे टाकले. शेजारच्या सोमाने आपल्या मोबाईलवरून मुंबईला फोन लावला आणि तो चरवीजवळ धरला. पलीकडे राहीबाई चरवीत पडणारी धार ऐकत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "हर्षद, बॅग ने आत."

महिन्याभराने ती काळा चष्मा लावून परतली आणि थेट गोठ्यात गेली. ठेवणीतल्या शिव्या दिल्या. गोदी तिच्याकडे बघत नुसती उभी. तिला आता आधी बँजो ऐकायची सवय लागली होती.

"माझ्यापरीस बँजोवाले मोठे झाले काय गो?" राहीबाई दोन दिवस म्हशीशी बोलली नाही, म्हणजे शिव्याही नाहीत, दूधही नाही. अखेर उबेदने साफ केलेली पहिली फाईल कामी आली. भागोजी नुसता बँजो लावायचा आणि तो थांबला की राहीबाई सुरू व्हायची.

अशी पुढची काही वर्षं गेली. ज्या सकाळी राहीबाई कायमची गेली, त्या सकाळीही पदर खोचत, चरवी शोधत ती एवढंच म्हणाली, "अवो, तेवढा बँजो लावा. मी आलेच."