इनामगावचं शिबिर

आज मलिद्यासाठी वेलची कुटताना इनामगावचं शिबिर आठवलं. मी पंधरा वर्षांची होते. घोड नदीच्या कोरड्या पात्रात बसून आम्ही बेने इस्रायली ज्यू मुलंमुली मलिदा खात शब्बाथची, आमच्या पवित्र शनिवारची, गाणी पाठ करत होतो. तेवढ्यात काठावरून मेंढ्या चारणारे एक आबा ओरडले, "पोरांनो, वर या. धरणाचं पानी सुटलंय."

सगळे धावलो. माझ्याशेजारी रिबेका पाय मुरगळून पडली. तिने माझी ओढणी धरली. मी ती सोडवून घेतली आणि पळाले. आबा खाली उतरले, कमरेएवढ्या पाण्यातून तिला खांद्यावर घेऊन आले.

"हिनं हाक मारली म्हणून आबा आले," असं रिबेका आजही सगळ्यांना सांगते. मी हाक मारली नव्हती. तिला ते ठाऊक असावं, असं मला अलीकडे वाटतं.