बकरीचा फाटका कान

ठसेवालीला मोठ्या माणसांचं फारसं कौतुक नव्हतं. कुणा साहेबाचा चेहरा कोरायला दिला की म्हणायची, "ह्यांच्यापेक्षा ह्यांचं कुत्रं पाठवा." पोरं आणि जनावरं, बास. चाळीस वर्षं ती छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, वाळूच्या उशीवर लाकडी ठसा ठेवून कोरत बसली. पोरांच्या पुस्तकांतली मांजरं, वासरं, बदकांमागे पळणारी उघडीनागडी पोरं, सगळी तिच्या हातची. असा हात दुसऱ्या कुणाचा असेल तर आणून दाखवा.

एक दिवस मालक जुना ठसा घेऊन आले. "मावशी, हे पुस्तक पुन्हा काढतोय. पण ह्यातल्या बकरीचं डोकं किड्यांनी खाल्लंय. शुक्रवारी छपाई. जमलं तर बघा, नाहीतर हे चित्र गाळतो."

ठसा तिच्या अप्पांनी कोरलेला. त्यातली मुलगी म्हणजे तीच, पाच वर्षांची, आणि बकरी तिची. अप्पा जाऊन जमाना झाला. त्यांनी तिचं काढलेलं चित्र हे एवढंच, आणि छापखान्यातल्या एकुलत्या जुन्या प्रतीतलं नेमकं हेच पान गळालेलं होतं.

"गाळायचं नाव काढू नका," ती म्हणाली.

किडलेला भाग गिरमिटानं गोल पोखरायचा, भोकात नव्या लाकडाची खुंटी ठोकायची, घासून सपाट करायची आणि तिच्यावर कोरायचं. बकरीचा चेहरा तिला पाठ होता. एक कान कुत्र्यानं फाडलेला. समोर उभं राहिलं की तो डाव्या हाताला दिसायचा. तिनं तो डाव्या हाताला कोरला, शाई लावली, कागद दाबून उचलला.

थोरली बहीण, अक्का, डबा घेऊन आली होती. तिनं चष्मा पुसून बघितलं. "बये, फाटका कान पलीकडे गेला की गं."

ठशावरचं कागदावर उलटं उमटतं, हे नवशिक्यालाही कळतं. परक्यांच्या बकऱ्या ती विचार करून कोरायची. ही डोळ्यांपुढे उभी होती, म्हणून जशीच्या तशी उतरवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"राहू द्या हो," दारातून डोकावणारे मालक म्हणाले. "बकरी येणारे का तक्रार करायला?"

"तिच्या वतीनं मी करतेय," अक्का म्हणाली.

आता खुंटी पोखरून दुसरी बसवायची म्हणजे भोक वाढणार. शेजारीच, केसभर अंतरावर, मुलीचा हात. लाकूड तडकलं तर हात गेला आणि चित्रही गेलं. ठसेवालीनं गिरमिट इतकं हळू फिरवलं की मालकांनाच घाम फुटला. लाकूड टिकलं.

मग तिनं अक्काला उजेडात उभं केलं. "वाक. हात कानाला लाव. तो नाही, दुसरा."

"ह्या वयात मला बकरी करतेस?"

"हट्टी तर आहेसच. शिंगं तेवढी कमी आहेत."

अक्कानं गंभीर तोंड करून "बँ" केलं. ठसेवाली हसली, हसून झाल्यावर हत्यार हातात घेतलं, आणि भिंतीवरच्या आरशात उलट दिसणाऱ्या अक्काकडे बघत बघत, तिथे तिचा हात ज्या बाजूला होता त्या बाजूला कान कोरला.

दुसरा कागद उचलला. दोघी वाकल्या. पहिल्या कागदावर मुलीचा हात नुसता चांगल्या कानाशी लोंबत होता, कशाला ते कळत नव्हतं. आता तिची बोटं बरोबर फाटलेल्या जागेवर होती.

"झाकतेय ती," अक्का म्हणाली. "तू तशीच उभी राहायचीस. कुणी आलं की पळत जाऊन तिचा कान धरायचीस, दिसू नये म्हणून."

"मला नाही आठवत."

"अप्पांनी बघितलं असणार."

पुढच्या खोलीतून मालकांनी विचारलं, झालं का. "झालं," ठसेवाली म्हणाली. "कागद जरा बरा लावा." मग तिनं हात पुसले आणि अक्कानं आणलेला डबा उघडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.