तोंडात गाळणी असलेली पाखरं

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी अन् बसणारे जास्त असले की किस्से साचत जातात. दूध आटवलेल्या पातेल्याला खरवड धरते तसे. आमच्या वडूजच्या दुकानातले हे थोडे, गावाबाहेरच्या तलावावर थंडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे.

पहिल्यांदा ते आले तेव्हा फौजेतून रिटायर झालेले सुभेदार तात्या दुर्बीण घेऊन दुकानात शिरले. "गड्या, पाखरं आजारी हायत. डोकी उलटी करून चिखलात घालत्यात." आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना मोटरसायकलवर बसवून नेलं. त्यांनी बघितलं अन् दुर्बीण परत दिली. "जेवताहेत. जेवू द्या."

*

मग मीच वाचून, बघून माहिती काढली. तलावाच्या काठावर मेंढरांना पाणी पाजणाऱ्या हौसाक्कांना हातात गाळणी धरून सांगितलं, "चोच मधेच वाकडी, म्हणून डोकं उलटं. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून बाहेर सोडायचं. चिखल जातो, खाणं राहतं."

"म्हंजी तोंडातच गाळणी?" अक्का म्हणाल्या. "मग तुझ्या दुकानात कशाला यील रं ते?"

*

पुढं नगरपंचायतीत ठरलं, तलावाचा उथळ काठ खोल खोदायचा, दगडी घाट बांधायचा, बोटी सोडायच्या. मग पाखरं उभी कुठं राहणार, अन् अक्कांची मेंढरं पाण्याला उतरणार कुठून?

घाटाचा ठेकेदार मजुरांच्या सैपाकाला पातेली घ्यायला दुकानात आला होता. म्हणाला, "पाखरास्नी ताटात दाणं टाकू की." तात्यांनी त्याच्यापुढं गाळणी धरली. "हिनं भाकरी मोडून दाव आदी."

पातेली तशीच राहिली. राहू द्या!

*

विरोधाचा फ्लेक्स करायला टाकला, तर फ्लेक्सवाल्याचा फोन. "अण्णा, फोटोत पाखराचं डोकं उलटं आलंय. कॉम्प्युटरवर सरळ केलं."

"सरळ केलंस तर उपाशी मरंल ते. हाय तसं लाव."

दोन दिवस चौकातली माणसं माना वाकड्या करून फ्लेक्स बघत होती.

*

खोदायचं मशीन काठावर आलं, त्या सकाळी हौसाक्का मेंढरांसकट मशीनपुढं बसल्या. मी शटर न उघडताच गेलो. मागं पाण्यात रोहितांचं जेवण निवांत चाललेलं.

ठेकेदार समजावू लागला. "आवं मावशी, पाखरांचं काय एवढं? जातील की दुसऱ्या तळ्यावर."

अक्कांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"तूच जा की. तुझी चोच सरळ हाय. कुटंबी भरंल तुझं प्वाट."